विमान जाऊ दे, मग घेऊ

आत्या तिच्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगत होती आणि मी फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ती रेकॉर्ड करत होते. सकाळची वेळ, खिडकी सताड उघडी, आणि बाहेर कुठल्यातरी उंच टोकावर बसून एक दयाळ गात होता. दयाळाला सकाळी कंठ फुटला की तो कुणाचं ऐकत नाही. आत्या श्वास घ्यायला थांबली की त्याची लकेर, ती बोलायला लागली की मागे त्याचीच शीळ. मला ते रेकॉर्डिंग आवडलं होतं. भाच्याला नाही आवडलं. “मावशी, बॅकग्राउंड क्लीन करून देतो,” म्हणाला, कुठल्यातरी अ‍ॅपमध्ये फाइल टाकली, बटण दाबलं आणि चहा गार व्हायच्या आत परत पाठवली. आत्याचा आवाज लख्ख. शब्द न् शब्द कळतोय. दयाळ नाही, खिडकी नाही, सकाळही नाही. आत्याला ऐकवलं तर दोन वाक्यं ऐकून ती म्हणाली, “अगं, मी काय कपाटात बसून बोलत होते का?”

सगळे हसलो. पण ते कपाट काही माझ्या डोक्यातून जाईना.

रात्री हेडफोन लावून दोन्ही फाइली आलटून पालटून ऐकत बसले. अशा अ‍ॅपला माणसांच्या बोलण्याचे ढीगभर तास ऐकवून शिकवलेलं असतं; सोबत बोलण्यात मिसळणारे पंखे, गाड्या, भांडी, कुत्री, पक्षी. बोलणं ते ठेवायचं, उरलेलं दाबायचं, एवढंच त्याला कळतं. त्याचा दयाळावर काही राग नसतो. गंमत म्हणजे दयाळ पुरता गेलेला नव्हता. आपण ‘स’ किंवा ‘श’ म्हणतो तेव्हा जिभेच्या टोकाशी हवा घासून जो बारीक शिट्टीसारखा आवाज होतो, तो बराचसा 4,000 हर्ट्झच्या वर असतो, आणि दयाळाचे वरचे सूर त्याच्याच शेजारी. तिथे अ‍ॅपची पंचाईत झाली होती. आत्या ‘साहेबांनी सही केली’ म्हणते तेव्हा त्या दोन ‘स’च्या मागे दयाळाचा एकेक कण चिकटून राहिला होता. ऐकायला ते विचित्र वाटत होतं, आत्याच्या दाताच्या फटीत पक्षी अडकल्यासारखं.

मला छळत होतं ते वेगळंच. या अ‍ॅपच्या बरोब्बर उलटं काम करणारी माणसं मला माहीत होती आणि त्यांच्याबद्दल मला कायम आदरच वाटत आला होता. जंगलांचे, समुद्राचे, पक्ष्यांचे आवाज टिपणारी माणसं. अंधारात उठून मायक्रोफोन लावायचा, खोकला आला तर गिळायचा, आणि दूरवर विमानाची घरघर ऐकू आली की एकमेकांना खूण करायची: विमान जाऊ दे, मग घेऊ. नाहीच गेलं तर घरी येऊन तेवढा भाग कापायचा. अ‍ॅपनं माणूस ठेवून पक्षी कापला, हे पक्षी ठेवून माणूस कापतात. त्यांच्या अल्बममध्ये निसर्ग एकटाच असतो, कुणीही त्याच्याकडे न बघता चाललेला. अशा अल्बमांवर मी कितीतरी वर्षं जीव टाकलाय.

बर्नी क्राऊस हे या मंडळींतलं सर्वांत मोठं नाव. हा माणूस मूळचा संगीतकार, सिंथेसायझर नुकता आला तेव्हा तो वाजवणाऱ्यांपैकी. मग जंगलांच्या आवाजांकडे वळला आणि तिथलाच झाला. त्याने 2013 साली एका भाषणात सांगितलेला हिशोब मी विसरू शकत नाही. सुरुवातीच्या काळात दहा तास रेकॉर्ड केलं की त्यातून एक तास वापरण्याजोगा निघायचा, अल्बममध्ये किंवा संग्रहालयात लावता येईल असा. आता तेवढाच एक तास मिळवायला हजार तास किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. कधी जंगलच बदललेलं असतं, कधी आपले आवाज मध्ये येतात. आणि त्याच्या संग्रहातल्या निम्म्या जागा आज एकतर गप्प झाल्यात किंवा मूळ रूपात ऐकूच येत नाहीत.

दहातून एक आणि हजारातून एक. दुकानात येणारा तो एक तास मात्र दोन्ही वेळा तितकाच हिरवागार असतो. उलट आताचा जास्तच, कारण माइक सुधारलेत. ऐकणाऱ्याला फेकलेल्या नऊशे नव्याण्णव तासांचा पत्ताच नसतो. माझ्यापुरतं सांगायचं तर मला त्या तासांत जास्त रस आहे. कुणीतरी ते तसेच्या तसे लावावेत: करवती, जेट, ट्रक, दूर कुणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या, आणि त्या सगळ्यात मधूनच एखादा बेडूक. कुणी विकत घेणार नाही, हे कबूल.

क्राऊसचाच एक अनुभव आहे, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या लिंकन मेडो नावाच्या कुरणाचा. तिथे लाकूड कंपनीने झाडं तोडायचं ठरवलं, पण सरसकट नाही. इथलं एक, तिथलं एक असं निवडून. परिसराला काही धक्का लागणार नाही, असं आसपासच्या लोकांना सांगितलं गेलं. क्राऊसने तोडीच्या आधी, 1988 साली, तिथली पहाट टिपली. वर्षभराने त्याच तारखेला, त्याच वेळी, तशाच हवेत तो पुन्हा तिथे गेला. डोळ्यांना काही फरक दिसेना. फोटो काढला तर तसाच. टेपवर मात्र ओढ्याचं पाणी आणि एका सुतारपक्ष्याची ठकठक, एवढंच उरलं होतं. नंतरही तो पुन्हा पुन्हा जात राहिला, ती गर्दी काही परतली नाही. मी ती दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकलीत. पहिल्यात इतके आवाज एकमेकांच्या अंगावर चढतात की कान कुठे द्यावा कळत नाही. दुसरं ऐकताना, खरं सांगू, फारच शांत वाटतं. छान वाटतं. झोप यावी असं. तिथेच मी दचकले.

कारण झोप येत नसली की मी ‘पावसातलं जंगल’ लावते. आठ तासांचं. त्यातला पाऊस वाढत नाही, थांबत नाही, छपरातून गळत नाही, आणि त्या जंगलात एकही डास नाही. बऱ्याच रात्री ऐकल्यावर लक्षात आलं की दर गडगडाटामागोमाग तोच पक्षी अगदी तसाच ओरडतो, त्याच ठिकाणी आवाज किंचित चिरकतो. कुणीतरी कधीतरी टिपलेला काही मिनिटांचा तुकडा पुढेमागे चिकटवून आठ तासांचा केलेला. तरी मला झोप लागते. म्हणजे माझ्या कानाला जंगल नकोच आहे, जंगलाच्या नावाची शांतता हवी आहे, आणि ती तर झाडं तोडलेल्या लिंकन मेडोत जास्त चांगली मिळते.

पक्ष्याच्या गाण्याचं आपल्याला माहीत असलेलं पहिलं ध्वनिमुद्रण 1889 सालचं आहे. लुडविग कोख नावाच्या जर्मन मुलाने फ्रँकफर्टमध्ये एडिसनच्या मेणाच्या नळकांडीवर ते केलं. पक्षी होता शामा, आपल्या दयाळाचाच सख्खा भाईबंद, गाण्यात त्याच्याहून वरचढ. तो फ्रँकफर्टमध्ये कसा? पिंजऱ्यात, अर्थात. त्यामुळे मागे रान नाही, वारा नाही, दुसरा पक्षी नाही. आत्याने ते ऐकलं असतं तर तिला पुन्हा कपाट आठवलं असतं.

तरीही स्वच्छ आवाजाची बाजू अगदीच पडकी नाही, आणि ते मान्य करताना मला जरा जड जातं. 1970 साली रॉजर पेन या जीवशास्त्रज्ञाने हंपबॅक देवमाशांच्या गाण्याची एक तबकडी काढली. त्यातलं गाजलेलं ध्वनिमुद्रण मुळात फ्रँक वॉटलिंग्टनचं, जो बर्म्युडाजवळ अमेरिकन नौदलासाठी समुद्राखाली कान लावून बसलेला असे. देवमाशांचे आवाज हाती लागले तरी त्याने त्याचा गवगवा केला नाही. शिकारी त्या आवाजांवरून माशांचा माग काढतील, ही त्याला धास्ती होती. पेननं ते सगळं जगाला ऐकवलं. 1979 मध्ये एका मासिकाने त्याची पातळ प्लास्टिकची तबकडी प्रत्येक अंकात घातली आणि अंक छापले सुमारे एक कोटी पाच लाख. 1982 मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव झाला. एका तबकडीने हे केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण तोवर तेल आणि मांस असलेला प्राणी लोकांच्या दिवाणखान्यात गायक म्हणून आला, हे खरं. तिथे मागे जहाजाचं इंजिन घरघरत असतं तर किती जणांनी ऐकलं असतं?

पण मग तो गायक राहतो त्या समुद्राचं काय? पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि खालच्या पट्टीतला तर फार दूरवर पोचतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे एकाच ठिकाणी 1960च्या दशकात आणि चाळीस वर्षांनी केलेली मोजमापं ताडून पाहिली, तेव्हा जहाजांमुळे त्या पट्टीतला आवाज 10 ते 12 डेसिबलनी वाढलेला निघाला. शिकार थांबली आणि गोंगाट वाढत गेला. सप्टेंबर 2001 मधल्या अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा रोडावली. कॅनडाच्या फंडी उपसागरातला आवाज 6 डेसिबलनी उतरला. तिथे त्याच सुमारास राइट व्हेल जातीच्या माशांची विष्ठा गोळा करणारे संशोधक होते. पुढे त्यांनी हिशोब जुळवला तर त्या दिवसांत माशांच्या शरीरातली ताणाची संप्रेरकं खाली आलेली. माणसं टीव्हीपुढे सुन्न बसली होती आणि देवमासे जरा सैलावले होते. या दोन गोष्टी एका वाक्यात लिहिताना हात अडखळतो, पण त्या घडल्या एकाच आठवड्यात.

मला सर्वांत प्रिय असलेलं ध्वनिमुद्रण मात्र कुणीही साफ न केलेलं आहे. इंग्लंडमध्ये बीट्रिस हॅरिसन नावाची चेलोवादक आपल्या बागेत वाजवायची आणि नाइटिंगेल तिच्यासोबत गायचे. 1924 मध्ये बीबीसीने बागेत माइक लावून ते थेट प्रसारित केलं, लोक वेडे झाले, आणि दर वर्षी मे महिन्यात हा कार्यक्रम होऊ लागला. पुढे ती तिथून निघून गेली, तरी माइक पक्ष्यांसाठी लागतच राहिला. 19 मे 1942च्या रात्रीही लागला. पक्षी रंगात आला आणि दुरून एक घरघर सुरू झाली. मानहाइमवर बाँब टाकायला 197 विमानं निघाली होती. प्रक्षेपणात ती ऐकू गेली तर जर्मनांना आयताच इशारा मिळाला असता, म्हणून तंत्रज्ञांनी प्रक्षेपण तोडलं. रेकॉर्डिंग मात्र चालू ठेवलं.

ते ऐकायला हवं. आधी फक्त पक्षी: एक लांब, चढत जाणारा सूर, मग पाणी उकळावं तशी बुडबुड, मग थांबणं. त्या थांबण्यात काहीतरी भरत जातं. हळूहळू तो आवाज खालून वर येतो, इतका की स्पीकरची जाळी थरथरते. आणि नाइटिंगेल गातोय. त्याला त्या विमानांशी काही देणंघेणं नाही, मादी हवीय, त्याचा हंगाम आहे. किती लोकांनी यावर ‘युद्धातही गाणारी आशा’ वगैरे लिहून ठेवलंय! मला ती आशाबिशा ऐकू येत नाही. ऐकू येतात ते दोन आवाज, दोन्ही आपापल्या कामावर निघालेले, आणि दोघांना एकाच हवेतून जायचंय. विमान जाऊ दे, मग घेऊ, असं म्हणायची त्या रात्री सोय नव्हती, म्हणून हे आपल्यापर्यंत आलं.

पक्ष्याला काहीच फरक पडत नाही, असंही नाही. हेन्रिक ब्रुम या संशोधकाने बर्लिनमधल्या नाइटिंगेलांचं गाणं मोजलं आणि 2004 मध्ये लिहिलं: गोंगाटाच्या जागेतले नर शांत जागेतल्यांपेक्षा 14 डेसिबलपर्यंत मोठ्याने गातात. तीव्रतेच्या भाषेत ते पंचवीस पट होतं. शनिवार-रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात, तेव्हा तेच पक्षी आवाज खाली आणतात. त्यांना वारांची नावं माहीत नाहीत, पण आमच्या सुट्ट्या त्यांच्या गळ्याला कळतात.

कलावंतांनी या सगळ्यात काय करावं, हा प्रश्न मला नीट सुटलेला नाही. 2016 मध्ये एका पर्यावरण संघटनेने आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या हिमनदीसमोर तरंगत्या फळीवर भव्य पियानो ठेवला आणि लुडोविको एइनाउदी या संगीतकाराने तो वाजवला. मागे बर्फाचे कडे कोसळतात, त्यांचा गडगडाट सुरांत मिसळतो. डोळे भरून येतात, माझेही आले. मग पियानो तिथवर कसा गेला असेल हा विचार आला, आणि कॅमेरा सारखा त्याच्या बोटांवर का जातोय हाही. त्यापेक्षा केटी पॅटरसनचं काम माझ्या मनात जास्त राहिलं. तिने आइसलँडमधल्या व्हात्नायोकुल हिमनदीच्या पाण्यात माइक सोडला आणि त्याला फोन जोडून दिला. कलादालनाच्या भिंतीवर निऑन दिव्यांत फक्त एक नंबर. तेव्हा कुठूनही फोन लावला की पलीकडून बर्फ वितळतानाचा आवाज यायचा. पियानो नाही, करुण चाल नाही. ‘हॅलो’ म्हणायचीही सोय नाही. फोन लावणाऱ्याने किती वेळ धरून बसायचं आणि कधी ठेवायचा, हे त्याचं त्यानं ठरवायचं. मी असते तर लवकर ठेवला असता, असं मला वाटतं.

आणि एक काम असं, जे कलेच्या दालनात कधी गेलंच नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, स्थलांतर करणारे पक्षी जिथे उतरून खाऊनपिऊन ताजेतवाने होतात अशा एका डोंगरसोंडेवर, संशोधकांनी झाडांना ओळीने स्पीकर बांधले. अर्धा किलोमीटर लांबीचा रस्ता, पण डांबर नाही, गाडी नाही, धूर नाही. फक्त रहदारीचा टिपलेला आवाज, चार दिवस चालू, चार दिवस बंद. आवाज चालू असायचा तेव्हा पक्ष्यांची संख्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घटायची. काही जाती तर जवळजवळ फिरकायच्याच नाहीत. जे थांबायचे त्यांचं वजन हवं तसं वाढायचं नाही, कारण ऐकू येत नसलं की मान वर करून सारखं बघावं लागतं आणि बघताना दाणा टिपता येत नाही. आपण आजवर निसर्गाचे आवाज निसर्ग वगळून घरी आणले. इथे माणूस वगळून माणसाचा आवाज रानात नेऊन ठेवला, आणि तेवढ्यानं रान रिकामं व्हायला लागलं. 2013 मध्ये याचा पहिला शोधनिबंध आला. तक्ते, आलेख, सगळं शिस्तीत. मला तो वाचताना सारखं वाटत होतं की तिथे जाऊन एकदा त्या नसलेल्या रस्त्याच्या कडेला उभं राहावं, आणि पलीकडे जाण्याआधी आपण सवयीने दोन्हीकडे बघतो का ते पाहावं.

आता ऑस्ट्रेलियातला रीजंट हनीईटर नावाचा पक्षी. खवल्यांसारख्या काळ्यापिवळ्या नक्षीचं अंग, फुलांतला मध पिणारा, पूर्वी थव्यांनी फिरणारा. जंगलं साफ होत गेली आणि रानात तीनेकशेच उरले. याच्या पिल्लांना गाणं उपजत येत नाही, मोठ्या नरांचं ऐकून शिकावं लागतं. मोठा नर ऐकायलाच मिळाला नाही तर पोरगं जो सापडेल त्याचं गाणं उचलतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 12 टक्के नर स्वतःच्या जातीचं गाणं सोडून भलत्याच पक्ष्यांची गाणी गाताना आढळले, आणि अशांना जोडीदार मिळायची मारामार. प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या पिल्लांचंही तेच. म्हणून त्यांना रानातल्या नरांच्या जुन्या टेप ऐकवायला सुरुवात झाली. टेपसोबत रानात जन्मलेले नर शिक्षक म्हणून ठेवले, वर्ग लहान केले, तेव्हा कुठे पोरं बऱ्यापैकी गाऊ लागली.

मी इतका वेळ स्वच्छ ध्वनिमुद्रणाशी भांडतेय ते ऐकणारा माणूस धरून. माणसाला विमान ऐकू यायलाच हवं, ते त्याचंच आहे. पण हे पोरगं जे कानावर पडेल ते खरं मानतं. त्याच्याजवळ ठेवायचं काय आणि गाळायचं काय हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. तेव्हा त्याला ऐकवायच्या टेपवरून कुणी घरघर कापली असेल, तर त्या एका कात्रीबद्दल माझी काही तक्रार नाही.